दोन आवाजांची कादंबरी: जर्मन लेखक परदेशात वाचतात तेव्हा

जर्मन भाषेत 'लेझुंग' असा एक साधा शब्द आहे. अर्थ फक्त 'वाचन'. पण पुस्तकाच्या दुकानाच्या काचेवर 'अमुक लेखकाचं लेझुंग, संध्याकाळी साडेसात' असं पत्रक लागलं, की काय होणार ते तिथल्या माणसाला ठाऊक असतं. लेखक येणार, टेबलापाशी बसणार आणि आपल्या नव्या कादंबरीतली पानं वाचून दाखवणार. टेबलावर एक दिवा, एक पुस्तक आणि पाण्याचा ग्लास. या ग्लासावरून तिथे 'वासरग्लास-लेझुंग' असा शब्दच पडला आहे. संगीत नाही, नेपथ्य नाही, पाण्याच्या एका ग्लासावर भागणारं वाचन. लोक तिकीट काढून येतात आणि तासभर शांतपणे ऐकतात.

आपल्याकडे याच्या जवळचं काय, असा विचार केला तर मला कथाकथन आठवतं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव जाऊन कथा सांगितल्या आणि माणसं मैदानात बसून ऐकत राहिली. पण त्यात आणि लेझुंगमध्ये एक मोठा फरक आहे. आपल्या कथाकथनात कागद मागे पडतो. कथा पाठ असते, हातवारे येतात, पाटलाचा आवाज वेगळा आणि तलाठ्याचा वेगळा. जर्मन कादंबरीकार कागद सोडत नाही. छापलेलं वाक्य जसं आहे तसं, बहुतेक वेळा अगदी सपाट सुरात वाचतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते कोरडं वाटतं. दहा मिनिटांत कान स्थिरावतो आणि मग वाक्याची बांधणी ऐकू यायला लागते.

हाच लेखक टोकियोला, न्यूयॉर्कला किंवा पुण्याला वाचायला जातो तेव्हा समोरच्या बहुतेकांना त्याची भाषा येत नसते. मग तो नेमकं काय वाचतो? कोणासाठी? त्याला बोलावतं कोण, खर्च कोण करतं? आणि न कळणाऱ्या भाषेतलं वाचन ऐकायला लोक का येतात? वरवर सोपा दिसणारा हा कार्यक्रम आतून बराच गुंतागुंतीचा आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

आधी घरचं वळण

जर्मनीत मोठ्याने वाचायची सवय शाळेपासून लागते. 1959पासून तिथे सहावीच्या मुलांची वाचनस्पर्धा भरते. पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक यांच्या संघटनेने ती सुरू केली, आणि आज दरवर्षी लाखो मुलं त्यात भाग घेतात. आधी मुलाने स्वतः निवडलेला उतारा वाचायचा, आणि पुढे कधी न पाहिलेला उतारा हातात मिळतो. पाठांतराला तिथे जागाच नाही. समोरचं वाक्य समजून घेत घेत दुसऱ्याला ऐकवायचं, एवढंच.

मोठ्यांच्या जगात या वाचनाला धार आली ती युद्धानंतर. 1947 साली हान्स वेर्नर रिश्टर या लेखकाने काही तरुण लेखकांना एकत्र केलं. तो गट 'ग्रुपे 47' म्हणून ओळखला जातो. पद्धत अशी: लेखकाने रिश्टरशेजारच्या खुर्चीत बसायचं, अप्रकाशित मजकूर वाचायचा आणि मग बाकीचे त्यावर बोलत असताना गप्प राहायचं. उत्तर द्यायची परवानगी नाही. त्या खुर्चीला लेखकच 'विजेची खुर्ची' म्हणत. गुंटर ग्रासने 1958 साली याच गटापुढे 'डी ब्लेखट्रोमेल' या कादंबरीतला भाग वाचला, गटाचं पारितोषिक मिळवलं आणि पुढच्या वर्षी पुस्तक येण्याआधीच त्याचं नाव झालं.

याच गटातली एक घटना मात्र अंगावर काटा आणते. 1952 साली नीनडोर्फ या समुद्रकाठच्या गावात पाउल सेलान वाचायला आला. तो चेर्नोवित्सचा ज्यू, आईवडील नाझींच्या छावणीत मरण पावलेले, स्वतः पॅरिसला राहणारा. छळछावणीवरची 'टोडेसफूगे' ही कविता त्याने आपल्या मुलखाच्या पद्धतीने, चढत्या, जवळजवळ गायल्यासारख्या स्वरात वाचली. समोरच्यांपैकी काही जण त्या सुराला हसले. सेलान त्या गटात पुन्हा गेला नाही. मला वाटतं, सपाट सुराचा आग्रह कुठून आला असावा हे इथे दिसतं. बारा वर्षं गरजणारी भाषणं ऐकलेल्या पिढीला चढा आवाजच नकोसा झाला होता. पण त्या नकोसेपणात त्यांनी ज्याचं ऐकायलाच हवं होतं त्याचाही आवाज लोटून दिला.

1966 साली हा अख्खा गट अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात भरला. जर्मन लेखकांचं परदेशातलं वाचन म्हणून हा प्रसंग मोठा, पण मौजेचाही. ते अमेरिकेत गेले खरे, वाचलं मात्र एकमेकांसाठीच, जर्मनमधूनच. तिथे 23 वर्षांचा, लांब केसांचा एक ऑस्ट्रियन मुलगा उठला आणि म्हणाला की इथे सगळ्यांना 'वर्णनाची नपुंसकता' झाली आहे. तो पेटर हांडके. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचंच नाव होतं. 2019 साली त्याला नोबेल मिळालं.

ग्रुपे 47 पुढच्याच वर्षी जवळजवळ विझला, पण ती खुर्ची राहिली. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टमध्ये 1977पासून कवयित्री इंगेबोर्ग बाखमानच्या नावाने स्पर्धा भरते. लेखक पंचवीसेक मिनिटं अप्रकाशित मजकूर वाचतो आणि परीक्षक त्याच्या तोंडावर त्याची चिरफाड करतात, तीही टीव्हीवर थेट. 1983 साली राइनाल्ड ग्योत्सने वाचता वाचता कपाळावर पातं ओढलं आणि रक्त कागदावर ठिबकत असताना वाचन पूर्ण केलं. असा प्रकार एखादाच. तरी जर्मन लेखकाच्या आयुष्यात मोठ्याने वाचणं किती गंभीर गोष्ट आहे, हे यावरून कळावं.

आणखी एक व्यवहाराची बाजू आहे. चांगल्या कादंबरीचाही खप बेताचा असतो, त्यामुळे तिथल्या अनेक लेखकांचं घर पुस्तकाच्या मानधनापेक्षा वाचनाच्या मानधनावर जास्त चालतं. बर्लिन, हाम्बुर्ग, म्युनिक, झुरिक, साल्झबुर्ग अशा शहरांत 'लिटराटूरहाउस' म्हणजे साहित्यासाठीची खास घरं आहेत. तिथे वर्षभर वाचनं चालतात. नवं पुस्तक आलं की लेखक पुढचे काही महिने आगगाडीत असतो.

सीमा ओलांडल्यावर

परदेशात मात्र तिकिटावर गणित जमत नाही. तिथे संस्था लागते, आणि जर्मन भाषेचे देश अनेक असल्यामुळे संस्थाही अनेक. जर्मनीची ग्योटे-इन्स्टिट्यूट 1951 साली सुरू झाली. भारतात तिला 'मॅक्स म्युलर भवन' म्हणतात, ते ऋग्वेदाची प्रत सिद्ध करणाऱ्या मॅक्स म्युलरच्या नावावरून. हा माणूस आयुष्यात भारतात कधी आला नाही, तरी त्याचं नाव पुण्यामुंबईच्या इमारतींवर आहे. स्वित्झर्लंडची 'प्रो हेल्वेशिया' 1939ची, दिल्लीतही तिचं कार्यालय आहे. ऑस्ट्रियाचे सांस्कृतिक मंच वेगळे. न्यूयॉर्कमध्ये ऑस्ट्रियाच्या मंचाची इमारत जेमतेम साडेसात मीटर रुंद आणि 24 मजली आहे, दोन इमारतींच्या फटीत उभी केल्यासारखी.

म्हणजे एकाच व्यासपीठावर तीन 'जर्मन' लेखक बसलेले दिसले, तरी एकाचं विमानाचं तिकीट बर्लिनच्या पैशातून, दुसऱ्याचं व्हिएन्नाच्या आणि तिसऱ्याचं स्वित्झर्लंडच्या पैशातून आलेलं असू शकतं. न्यूयॉर्कमध्ये तिन्ही देशांच्या संस्थांनी मिळून 'फेस्टिवल नॉये लिटराटूर' नावाचा उत्सव उभा केला. त्याची रचना सुंदर होती: जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे प्रत्येकी दोन लेखक, आणि सोबत दोन अमेरिकी लेखक. पाहुणे एकटे पडत नाहीत. यजमान भाषेतला कोणी तरी त्याच पंगतीत असतो.

संस्थेचं काम प्रवासखर्चावर संपत नाही. परदेशी प्रकाशकाला जर्मन कादंबरी छापायची तर अनुवादाचा खर्च अंगावर येतो. त्या खर्चातला वाटा उचलण्याच्या योजना या देशांकडे आहेत. साखळी अशी असते: अनुवादाला मदत, मग पुस्तक, मग लेखकाचा दौरा, मग पुस्तकाची विक्री, आणि जमलं तर पुढच्या पुस्तकाचा अनुवाद. ही साखळी कुठेही तुटली की लेखक त्या भाषेपुरता संपतो. 2023 साली ग्योटे-इन्स्टिट्यूटने नऊ केंद्रं बंद करायचा निर्णय जाहीर केला. त्यात बोर्दो, तुरीन, रॉटरडॅम, ओसाका, वॉशिंग्टन अशी शहरं होती. भाषेचे वर्ग ऑनलाइन चालू शकतात. पण एखाद्या शहरातलं केंद्र मिटलं की तिथल्या वाचकाला जर्मन लेखक समोरासमोर भेटण्याची जागाच जाते, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी प्रत्यक्ष काय होतं

परदेशातल्या वाचनाला साधारणपणे तीन माणसं लागतात. लेखक, संवादक आणि दुसऱ्या भाषेचा आवाज. हा दुसरा आवाज कधी स्वतः अनुवादकाचा असतो, कधी एखाद्या नटाचा किंवा नटीचा.

आधी लेखक मूळ जर्मन उतारा वाचतो, पण थोडाच. पाच-सात मिनिटं, फार तर दहा. सभागृहातल्या बहुतेकांना शब्द कळत नसतात, आणि तसं ठरवूनच केलेलं असतं. श्रोत्याने वाक्याचा वेग, श्वासाच्या जागा, लेखक कुठे थांबतो हे ऐकावं अशी अपेक्षा असते. मग तोच भाग, थोडा वाढवून, यजमान भाषेत वाचला जातो. आता शब्द कळतात आणि मघाचा सूर कानात असतो. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहणं हे श्रोत्याचं काम. काही ठिकाणी पडद्यावर अनुवाद दाखवतात. मला ती पद्धत तितकी आवडत नाही, कारण डोळे वाचायला लागले की कान बंद होतो.

उतारा निवडणं ही कसोटी असते. कादंबरीचा शेवट वाचता येत नाही. सुरुवात बहुतेकदा संथ असते. घरच्या श्रोत्याला जो संदर्भ अर्ध्या शब्दात कळतो तो परक्याला दहा वाक्यांत सांगावा लागतो. पूर्व जर्मनीतल्या एखाद्या साबणाचं नाव आलं तर लाइपझिगमध्ये सभागृह हसतं आणि लिस्बनमध्ये कोणी पापणीही हलवत नाही. म्हणून दौऱ्यावर असलेला लेखक शहर बदललं की उताराही बदलतो. दोन माणसांचं बोलणं, एखादं जेवण, एखादं भांडण असे भाग सीमा ओलांडून सहज जातात.

सगळेच लेखक या दौऱ्याला तयार नसतात. एल्फ्रिडे येलिनेकला 2004 साली नोबेल मिळालं तेव्हा गर्दीच्या भीतीमुळे ती स्टॉकहोमला गेली नाही. तिचं भाषण चित्रफितीवरून दाखवलं गेलं. याउलट योको तावादा. टोकियोत जन्मलेली ही लेखिका 1982 साली हाम्बुर्गला आली आणि आता जपानी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत लिहिते. पियानोवादक आकी ताकासेबरोबर ती वाचनाचे प्रयोग करते, त्यात शब्द आणि पियानो एकमेकांना उत्तरं देतात.

दुसरा आवाज

आता सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. परदेशातल्या वाचनात श्रोता जी वाक्यं घरी घेऊन जातो ती अनुवादकाची असतात. लेखकाचा चेहरा आणि आवाज लक्षात राहतो, पण शब्द दुसऱ्याचे.

हे मान्य करणाऱ्यांत ग्रास पुढे होता. 1978 साली, 'डेर बुट' या कादंबरीपासून, नवं पुस्तक आलं की वेगवेगळ्या भाषांतल्या अनुवादकांना एकत्र बोलवायचं आणि काही दिवस त्यांच्याबरोबर बसून पानापानावरच्या शंका सोडवायच्या, असा पायंडा त्याने पाडला. 'डी ब्लेखट्रोमेल'ला 50 वर्षं होणार म्हणून नवे अनुवाद ठरले, तेव्हा 2005 साली ही बैठक ग्दान्स्कमध्ये, म्हणजे त्याच्या जन्मगावी आणि कादंबरीच्या गावात भरली. अनुवादकांना त्या गल्ल्या पायाखाली घालता आल्या.

2024 साली येनी एरपेनबेकच्या 'कैरोस'ला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. 50 हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक मायकेल हॉफमन यांच्यात निम्मी निम्मी वाटली गेली, कारण त्या पुरस्काराचा नियमच तसा आहे. जर्मनमधून लिहिलेल्या पुस्तकाला तो पहिल्यांदाच मिळाला. पूर्व बर्लिनमध्ये वाढलेल्या या लेखिकेची कीर्ती परदेशात जास्त आहे, असं जर्मन वर्तमानपत्रंही लिहितात. इंग्रजी वाचकांमध्ये तिचं नाव वर्षानुवर्षं रुजत गेलं आहे, आणि त्यात सुझन बर्नोफ्स्की आणि हॉफमन या दोन अनुवादकांचा मोठा वाटा आहे.

तिच्याच एका कादंबरीचं नाव घेऊ: 'गेऽहन, गिंग, गेगांगन'. बर्लिनमध्ये आलेल्या आफ्रिकी निर्वासितांवरची ही कादंबरी 2015 साली आली. नाव म्हणजे जर्मन शिकणाऱ्याने घोकायची क्रियापदाची रूपं. निर्वासित वर्गात बसून हेच घोकत असतात. मराठीत काय कराल? 'जाणे, गेला, गेलेला' म्हटलं की लगेच जाणारा पुरुष ठरतो, कारण आपलं क्रियापद लिंग दाखवल्याशिवाय राहत नाही. जर्मनमध्ये तसं नाही. इंग्रजीत 'गो, वेंट, गॉन' हे जवळजवळ जसंच्या तसं बसतं. म्हणजे इथे इंग्रजी जिंकते.

पण इतर ठिकाणी पारडं आपल्याकडे झुकतं. हे वाक्य पाहा: 'इश हाबं गेस्टर्न इन बर्लिन आइनन आल्टन फ्रॉइंट गेट्रोफन.' काल मला बर्लिनमध्ये एक जुना मित्र भेटला. जर्मनमध्ये 'गेट्रोफन' शेवटी येतं, मराठीत 'भेटला' शेवटी येतं. काय घडलं ते कळायला श्रोत्याला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. कादंबरीकार या थांबण्याचा खेळ करतो. पाच ओळींचं वाक्य लांबवत नेतो आणि शेवटच्या शब्दाला सगळं उलटं करतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येतं, त्यामुळे गुपित आधीच फुटतं. मराठी अनुवादक ते शेवटपर्यंत राखू शकतो.

तसंच 'दू' आणि 'झी'चं. जर्मन माणूस जवळच्याला 'दू' म्हणतो, परक्याला आणि वडीलधाऱ्याला 'झी'. दोन पात्रं 'झी'वरून 'दू'वर येतात तो क्षण कादंबरीत मोठा असतो, प्रेमाचा किंवा अपमानाचा. इंग्रजीकडे एकच शब्द आहे, म्हणून अनुवादकाला वाकडी वाट करावी लागते. आपल्याकडे 'तू' आहे, 'तुम्ही' आहे, वर 'आपण'ही आहे. 'अहो'वरून 'अरे'वर येणं म्हणजे काय, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही.

बोलीचा प्रश्न याहून अवघड, आणि याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे. तिथली माणसं घरात, दुकानात, बसमध्ये आपापल्या बोलीत बोलतात आणि पुस्तकं प्रमाण जर्मनमध्ये लिहितात. घरी मालवणी आणि वहीत प्रमाण मराठी, असाच प्रकार. पेड्रो लेंत्सने 2010 साली 'डेर गोली बिन इग' ही कादंबरी सरळ बर्नच्या बोलीत लिहिली. तुरुंगातून सुटून गावात परतलेला एक माणूस आपली हकीकत सांगतो, आणि सगळी गंमत त्याच्या तोंडच्या भाषेत आहे. लेंत्स हा व्यासपीठावरचा पट्टीचा वाचक. आता हे इंग्रजीत कसं न्यायचं? डॉनल मॅक्लॉक्लिन या अनुवादकाने लंडनची इंग्रजी बाजूला ठेवली आणि पुस्तक ग्लासगोच्या रस्त्यावरच्या स्कॉट्स बोलीत नेलं. बर्नची बोली आणि ग्लासगोची बोली शेजारी शेजारी वाचली, की दोन्हीकडच्या प्रमाण भाषा बाहेर उभ्या राहतात आणि दोन गल्ल्या एकमेकींशी बोलतात. अनुवाद याहून जिवंत मला तरी माहीत नाही.

'जर्मन लेखक' म्हणजे कोण?

परदेशातला श्रोता सोनेरी केसांचा, चष्मा लावलेला कोणी तरी येईल असं धरून बसतो, आणि समोर वेगळंच माणूस येतं. साशा स्तानिशिच बोस्नियातल्या विशेग्राडचा. 1992 साली युद्धातून पळून हायडेलबर्गला आला, शाळेत जर्मन शिकला आणि 2019 साली 'हेरकुन्फ्ट' या पुस्तकाला जर्मन बुक प्राइझ मिळवून गेला. नोबेल मिळालेली हेर्टा म्युलर रोमानियातल्या जर्मन बोलणाऱ्या खेड्यातली. नीनो हारातिश्विली जॉर्जियाची. 2016 साली क्लागेनफुर्टला बाखमान पारितोषिक मिळालं ते लंडनमध्ये जन्मलेल्या शॅरन डोडुआ ओटूला. त्याच वर्षी त्याच मंचावर टोमर गार्डी या इस्रायली लेखकाने मुद्दाम मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लिहिलेला मजकूर वाचला, आणि हे साहित्य मानायचं का यावर परीक्षकांची जुंपली. सहा वर्षांनी त्याच गार्डीला लाइपझिग पुस्तकमेळ्याचं पारितोषिक मिळालं, तेही अशा पुस्तकाला, ज्याचा एक भाग त्याच्या मोडक्या जर्मनमध्ये आहे आणि दुसरा हिब्रूमधून अनुवादित.

अशा लेखकांच्या वाचनात मूळ भाषा ऐकणं जास्त महत्त्वाचं. छापील पानावर उच्चार दिसत नाही. आवाजात तो ऐकू येतो, आणि त्या उच्चारातच अर्धी कथा असते.

प्रश्नोत्तरांत मात्र परदेशी श्रोता बहुतेकदा इतिहासच विचारतो. नाझी काळ, भिंत, निर्वासित. काही लेखक याने वैतागतात, कारण त्यांना स्वतःच्या वाक्यांबद्दल बोलायचं असतं. पण श्रोत्यांचंही चुकत नाही. दानिएल केलमानची 2023ची 'लिख्टश्पील' ही कादंबरी चित्रपट दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्टवर आहे. जर्मनीबाहेर गेलेला हा माणूस हिटलरच्या राज्यात परतला आणि तिथे चित्रपट करत राहिला. सत्तेपुढे कलावंत थोडं थोडं कसं वाकतो, हा प्रश्न प्रत्येक देशातल्या श्रोत्याला आपला वाटतो.

आपल्या अंगणात

भारतातला सर्वात गाजलेला पाहुणा ग्रासच. 1975 साली तो पहिल्यांदा आला आणि 1986-87मध्ये पत्नीसह काही महिने कोलकात्याला राहिला. त्याच्या एका नाटकाचा बंगाली प्रयोग तिथे बसत होता, त्याच्या तालमींना तो जाऊन बसे. परतल्यावर त्याने चित्रं आणि मजकूर मिळून 'झुंगं त्साइगन' हे पुस्तक केलं. नावाचा अर्थ जीभ दाखवणं, आणि संदर्भ कालीमातेचा. शहराच्या गरिबीचं आणि घाणीचं त्यातलं वर्णन पुष्कळ बंगाली वाचकांना लागलं. पाहुणा लेखक शहराकडे कसा पाहतो, हे शहरही पाहत असतं.

मुंबईशी नातं सांगणारा लेखक म्हणजे इलिया त्रोयानोव. जन्म सोफियाचा, बालपणाचा मोठा काळ केनियात, आणि 1998 ते 2003 अशी पाच वर्षं मुंबईत. रिचर्ड बर्टन या इंग्रज अधिकाऱ्यावरची त्याची 'डेर वेल्टनझामलर' ही कादंबरी 2006 साली आली. तिचा पहिला भाग बराचसा बडोद्यात घडतो, गायकवाडांच्या शहरात. बर्टनचा नोकर आपली हकीकत एका लहियाला, म्हणजे पैसे घेऊन अर्ज लिहून देणाऱ्याला, सांगतो. लहिया लिहिता लिहिता त्यात स्वतःचं मिसळायला लागतो. ही पानं मुंबईत वाचली गेली तर कोण पाहुणा आणि कोण घरचा, हे ठरवणं कठीण होईल.

मराठी लेखकांचे परदेशदौरेही आपण पाहतो. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना इथून लेखक, कवी, नट जातात. पण तिथे समोर आपलीच माणसं असतात. दुसरा आवाज लागत नाही. जर्मन कादंबरीकार अनोळखी माणसांपुढे वाचतो, आणि त्यासाठी त्याची सरकारं खर्च करतात. आपली कादंबरी अशी परक्यांपुढे वाचली जावी यासाठी आपल्याकडे काय व्यवस्था आहे, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो.

आणि उलट बाजूनेही एक गोष्ट राहून जाते. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांनी पिढ्या घडवल्या. जर्मन नाटककार ब्रेश्ट तर आपण 'तीन पैशाचा तमाशा' आणि 'अजब न्याय वर्तुळाचा'मधून केव्हाच आपलासा केला. तरी जर्मन कादंबरीकार इथे येतो तेव्हा दुसरा आवाज बहुधा इंग्रजीचा असतो. वर पाहिलं त्याप्रमाणे, शेवटपर्यंत थांबणारं वाक्य आणि 'तू-तुम्ही'चा फरक इंग्रजीत निसटतो आणि मराठीत राहतो. शिवाय अभिवाचन चांगलं करणारे नट-नट्या आपल्याकडे हव्या तेवढ्या आहेत. अख्खी कादंबरी अनुवादित व्हायची वाट पाहायचीही गरज नाही. पंधरा पानं मराठीत करून घ्यायची, लेखकाने त्यातली तीन जर्मनमध्ये वाचायची आणि मग पंधराही मराठीत ऐकवायची. एका संध्याकाळचं काम आहे.

तोवर अशा एखाद्या वाचनाला गेलात तर सुरुवातीची जर्मन मिनिटं फोन न पाहता ऐका. वाक्य कुठे संपतं ते शोधा. शेवटचा शब्द पडताना लेखकाचा आवाज किंचित खाली येतो, तो ऐकू येईल. नंतर प्रश्न विचारायची वेळ आली तर अनुवादकाला विचारा की कोणतं वाक्य सगळ्यात जास्त अडलं. त्या उत्तरात कादंबरीचं मर्म सापडण्याची शक्यता मोठी. आणि कार्यक्रम संपल्यावर पुस्तकावर सही घ्यायला लेखकासमोर रांग लागेल, शेजारी अनुवादक मोकळा बसलेला असेल. लेखकाची सही झाली की पुस्तक त्याच्याकडे सरकवा. नाव आतल्या पानावर छापलेलं असतं, सहीला जागा त्याच्याखालीच असते.